‘लपून राहिलात तर काय बिघडले?’
(द्वितीय वर्ष, कला)

‘निर्वासित’ हा शब्द ऐकला की आपल्यापुढे फाळणीचे चित्र उभे राहते. कल्याणजवळच्या लष्करी छावणीत आणून ठेवलेले सिंधी कुटुंबांचे जथे आणि त्या छावणीचे पुढे झालेले उल्हासनगर, किंवा १९७१ साली पूर्व बंगालमधून आलेले लोंढे. म्हणजे निर्वासित म्हटला की तो हजारोंच्या तांड्यातला एक. पण एकटाच एखादा मनुष्य परक्या देशाच्या विमानतळावर उतरतो आणि म्हणतो, “मी समलिंगी आहे. माझ्या देशात कळले तर मला मारतील. मला परत पाठवू नका.” हा मनुष्य निर्वासित ठरतो काय?

राज्यशास्त्राच्या तासाला मानवी हक्कांचा भाग चालू असताना हा प्रश्न निघाला तेव्हा मागच्या बाकांवर थोडी खसखस पिकली. सर म्हणाले, “हसा, पण आधी निकाल वाचा.” मी ते वाचले. न्यायाधीशांचे इंग्रजी शब्दकोश मांडीवर घेऊन वाचावे लागते, त्यामुळे दिवाळीची सुटी त्यातच गेली. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. “सुटीत एवढे काय वाचतेस?” असे आईने विचारले, तेव्हा तिला समजेल अशा मराठीत ते सांगणे मला निकालांपेक्षाही कठीण गेले. हा लेख म्हणजे तोच प्रयत्न पुन्हा एकदा.

प्रथम शब्दांविषयी. ‘एलजीबीटीआय’ या पाच अक्षरांत समलिंगी स्त्रिया, समलिंगी पुरुष, उभयलिंगी, पारलिंगी आणि आंतरलिंगी व्यक्ती येतात. आपल्याकडे ज्यांना तृतीयपंथी म्हणतात त्यांच्यापैकी पुष्कळजण पारलिंगी या शब्दाखाली येतील. ज्यांचे शरीर जन्मतःच स्त्री किंवा पुरुष या ठरीव साच्यात बसत नाही, त्या आंतरलिंगी व्यक्ती. या लेखातील खटले बहुतेक समलिंगी पुरुषांचे आहेत, कारण गाजलेले निकाल त्यांचेच आहेत. याचा अर्थ स्त्रियांचा छळ कमी होतो असा नव्हे. तो घराच्या आत होतो, बहुतेक वेळा लग्न लावून दिले की तो लग्नातच मिसळून जातो, आणि ज्या बाईला एकटीने तालुक्याला जाता येत नाही ती परदेशी विमानतळावर कोठून पोहोचणार?

आता कायदा. संयुक्त राष्ट्रांनी १० डिसेंबर १९४८ रोजी मानवी हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला. त्याचे पहिले कलम ‘सर्व मानव’ या शब्दांनी सुरू होते. आधी तेथे ‘सर्व पुरुष’ असाही अर्थ निघेल असा इंग्रजी शब्द होता. तो बदलावा म्हणून आग्रह धरला तो भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांनी. याच हंसाबेन पुढे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू झाल्या. याच जाहीरनाम्याच्या १४ व्या कलमात छळापासून सुटका मिळावी म्हणून दुसऱ्या देशात आश्रय मागण्याचा हक्क आहे. पण जाहीरनामा म्हणजे करार नव्हे. करार झाला तो २८ जुलै १९५१ रोजी जिनीव्हा येथे, आणि १९६७ च्या पुरवणी मसुद्याने त्यावरील काळाची व प्रदेशाची मर्यादा निघाली. त्याची व्याख्या अशी: वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गटाचे सदस्यत्व किंवा राजकीय मत या कारणांवरून छळ होईल अशी साधार भीती ज्याला वाटते, जो स्वतःच्या देशाबाहेर आहे आणि ज्याला त्या देशाचे संरक्षण मिळू शकत नाही किंवा भीतीमुळे ते घेता येत नाही, तो निर्वासित. अशाला जेथे धोका आहे तेथे परत ढकलता येत नाही, हा या कराराचा कणा.

व्याख्येत लैंगिकतेचा उल्लेख नाही. असण्याची शक्यताही नव्हती. नाझी छळछावण्यांत समलिंगी पुरुषांच्या कपड्यांवर गुलाबी त्रिकोण शिवत असत. त्या छावण्यांच्या आठवणीतूनच १९५१ चा करार जन्मला. पण छावणीतून जिवंत बाहेर पडलेला गुलाबी त्रिकोणवाला मात्र पश्चिम जर्मनीत गुन्हेगारच राहिला, कारण नाझींनी कडक केलेले १७५ वे कलम तेथे १९६९ पर्यंत तसेच होते. इंग्लंडातही १९६७ पर्यंत हा गुन्हाच होता. म्हणजे जे देश छळलेल्यांना आश्रय द्यायला निघाले होते, ते स्वतःच या माणसांना तुरुंगात घालत होते. ही विसंगती मला पाठ्यपुस्तकात कोठे आढळली नाही.

दार उघडले ते ‘विशिष्ट सामाजिक गट’ या चार-दोन शब्दांनी. स्वीडनच्या प्रतिनिधीने ते चर्चेच्या अखेरीस सुचवले आणि फारशी चर्चा न होता ते मंजूर झाले. तीस वर्षे ते जवळजवळ पडूनच होते. १९८१ साली नेदरलँड्सच्या उच्च प्रशासकीय न्यायपीठाने हे शब्द समलिंगी व्यक्तींनाही लागू होऊ शकतात असे मान्य केले. अमेरिकेत क्यूबाहून आलेल्या एका गृहस्थाचा खटला झाला. क्यूबाच्या सरकारने समलिंगींची नोंदवही ठेवली होती आणि तिच्यात त्याचे नाव १९६७ पासून होते. दर दोन-तीन महिन्यांनी हजेरी, तपासणी, प्रश्न. १९८० साली त्याला सांगण्यात आले की एक तर देश सोड, नाही तर चार वर्षे तुरुंगात जा. तो निघाला तेव्हा शेजाऱ्यांनी त्याच्यावर अंडी व टोमॅटो फेकले. अमेरिकेच्या अपील मंडळाने १९९० मध्ये त्याच्या बाजूने निर्णय दिला आणि १९९४ मध्ये महान्यायवादी जॅनेट रेनो यांनी तो पुढील खटल्यांना बंधनकारक ठरवला. दरम्यान १९९३ साली कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘वॉर्ड’ खटल्यात सामाजिक गटाचा अर्थ लावला: जन्मजात किंवा बदलता न येणाऱ्या गुणधर्माने बांधलेले लोक हा एक गट, उदाहरणांत लैंगिक कलही घातला.

येथपर्यंत वाचले की वाटते, प्रश्न सुटला. परंतु खरी अडचण येथूनच सुरू होते, आणि माझ्या मते या विषयाचे मर्मही तिच्यातच आहे.

अर्जदार खरोखर समलिंगी आहे, त्याच्या देशात कायदा कडक आहे, हे सगळे मान्य करून अधिकारी विचारू लागले की तुम्ही आतापर्यंत जिवंत राहिलात ते कसे? लपून राहिलात म्हणून. मग परत जा आणि तसेच राहा. कोणाला कळणार नाही, कोणी छळणार नाही, मग भीती कसली? यासाठी त्यांनी वापरलेला इंग्रजी शब्द ‘डिस्क्रिशन’. शब्दकोशात त्याचे अर्थ दिले आहेत विवेक, तारतम्य, सुज्ञपणा. केवढे सभ्य शब्द! जणू त्या माणसाला थोडे तारतम्य शिकवले की झाले. पण निर्णयपत्रातला मजकूर आमच्या गावच्या मराठीत सांगायचा तर तो असा होईल: तोंड बंद ठेव, कोणाशी जीव जडवू नकोस, लग्नाचे विचारले तर थाप मार, आणि हे मरेपर्यंत कर. आईला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, “मग तो आतल्या आत मेलाच की.” तिने करार वाचलेला नाही.

या विचारसरणीला एक आधार नकळत मानवी हक्कांच्या न्यायालयांनीच पुरवला होता, असे मला वाटते. समलिंगींच्या बाजूने लागलेले आरंभीचे मोठे निकाल खाजगी जीवनाच्या हक्कावर उभे आहेत. उत्तर आयर्लंडमधील कायद्याविरुद्ध जेफ्री डजन युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेले आणि २२ ऑक्टोबर १९८१ रोजी जिंकले. टास्मानियाच्या कायद्याविरुद्ध निकोलस टूनन संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीकडे गेले. समितीने ३१ मार्च १९९४ रोजी नागरी व राजकीय हक्कांच्या कराराचे १७ वे कलम, म्हणजे खाजगीपणाचे कलम, भंगले असे ठरवले. त्या कायद्याखाली बरीच वर्षे कोणावर खटला भरलेला नव्हता, तरीही तो नुसता पुस्तकात असणे हेच खाजगी जीवनावर आक्रमण आहे, हे समितीने मानले. १९९७ साली टास्मानियाने तो रद्द केला. दोन्ही निकाल थोरच. समितीने ‘लिंग’ या शब्दात लैंगिक कल अंतर्भूत आहे असेही म्हटले, त्याचे महत्त्व निराळेच. पण खाजगीपणाचे तत्त्व दुधारी आहे. चार भिंतींच्या आत काय करता ते तुमचे तुम्ही, असे एकदा म्हटले की दुसरा लगेच म्हणतो, बरोबर, मग चार भिंतींच्या आतच राहा. दार आतून लावून घेणे आणि बाहेरून कडी घातली जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र दोन्ही वेळी बंद दारच दिसते.

हा भेद प्रथम स्वच्छपणे सांगितला तो ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाने, ९ डिसेंबर २००३ रोजी. अर्जदार होते बांगलादेशातील दोन पुरुष. ढाक्यात ते काही वर्षे एकत्र राहिले होते. बांगलादेशच्या दंडसंहितेत ३७७ वे कलम आहे. आपल्या दंडसंहितेत होते तेच, १८६० साली इंग्रजांनी लिहिलेले. निर्वासित न्यायाधिकरणाने म्हटले की हे दोघे ढाक्यात गुपचूप राहत होते, पुढेही राहतील, सबब धोका नाही. उच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी हा निर्णय खोडून काढला. न्यायमूर्ती मॅकह्यू आणि कर्बी यांच्या म्हणण्याचा आशय असा: मनुष्य मार चुकवू शकतो म्हणून मारणाऱ्याचा छळ छळ राहत नाही असे नाही. लपून राहण्याचे कारण जर धमकी असेल, तर ती धमकी आणि तिच्या छायेत काढलेले आयुष्य हाच छळ. न्यायाधिकरणाने ‘ते गुपचूप राहतील’ येथवर येऊन वही मिटली. ‘का राहतील’ हे विचारलेच नाही. मायकेल कर्बी यांनी स्वतः १९९९ साली आपल्या पुरुष जोडीदाराचे नाव ‘हूज हू’ या चरित्रकोशात छापू दिले होते, ही गोष्टही येथे नमूद करावीशी वाटते. तीन न्यायमूर्तींचे मत विरुद्ध होते हेही विसरू नये. एक मत फिरते तर हा लेख निराळा झाला असता.

इंग्लंडला तेथवर पोहोचायला आणखी सात वर्षे लागली. तेथील अपील न्यायालयाची कसोटी अशी होती की लपून राहणे त्या माणसाला ‘बऱ्यापैकी सोसवेल’ काय? सोसवत असेल तर परत जावे. ‘एच. जे.’ हा इराणचा आणि ‘एच. टी.’ हा कॅमेरूनचा, अशा दोघांच्या अपिलावर ७ जुलै २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाचही न्यायमूर्तींनी ती कसोटी एकमताने मोडीत काढली. कॅमेरूनच्या तरुणाला शेजाऱ्याने बागेत मित्राचे चुंबन घेताना पाहिले होते; मग जमाव आला आणि त्याने त्याला इस्पितळात जाईपर्यंत मारले. एका बागेतल्या एका क्षणाची ही किंमत. तरी खालच्या पायरीवर त्याला सांगण्यात आले होते की देशातच दुसऱ्या ठिकाणी जाऊन जपून राहा.

लॉर्ड रॉजर यांनी या निकालात अधिकाऱ्यांसाठी प्रश्नांची उतरंड घालून दिली आहे. अर्जदार समलिंगी आहे काय, किंवा तसा समजला जाईल काय? त्याच्या देशात उघडपणे राहणाऱ्या समलिंगींचा छळ होतो काय? परत गेल्यावर हा स्वतः कसा राहील? उघड राहणार असेल आणि त्यामुळे साधार भीती असेल, तर तो निर्वासित. लपून राहणार असेल, तर का? छळाची भीती हे त्याचे एक महत्त्वाचे कारण असेल, तर तोही निर्वासित. पण आईवडिलांना दुःख होऊ नये, मित्रांत अवघडलेपणा येऊ नये, एवढ्याच सामाजिक कारणांसाठी तो गप्प राहणार असेल, तर मात्र नाही.

या शेवटच्या पायरीवर माझे लॉर्ड महाशयांशी जुळत नाही. लंडनमध्ये बसून आईवडिलांचे दुःख आणि छळाची भीती अशा दोन पेट्या करता येत असतील. खेड्यात एकच पेटी असते. ‘लोक काय म्हणतील’ या वाक्यात आईच्या डोळ्यांतले पाणी असते, भावाची काठी असते, विहिरीवरचे बोलणे असते आणि धाकट्या बहिणीचे मोडणारे लग्नही असते. यांतले दुःख कोठे संपते आणि धमकी कोठे सुरू होते, हे त्या घरातल्या मुलालाही सांगता येणार नाही. आपल्या महाराष्ट्राने जातपंचायतींच्या सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा केला तो याच अनुभवातून. वाळीत टाकणे हा ‘समाजाचा दबाव’ नसून गुन्हा आहे, हे आपल्याला पटायलाही इतका वेळ लागला. निर्वासितांच्या कायद्यालाही सरकार छळते की शेजारी, याने फरक पडत नाही. सरकार वाचवू शकत नसेल किंवा वाचवू इच्छित नसेल, एवढे पुरे असते. मग ‘सामाजिक कारण’ या पेटीत अधिकाऱ्याने काय काय ढकलावे याला सीमा हवी. नाहीतर पुढच्या दाराने हाकललेले ‘तारतम्य’ मागच्या दाराने आत येईल.

युरोपीय संघाच्या न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०१३ रोजी सिएरा लिओन, युगांडा आणि सेनेगल येथील तीन अर्जदारांच्या खटल्यात हेच मान्य केले: छळ टाळण्यासाठी कल लपवून ठेवा असे सांगता येणार नाही. मात्र त्याच निकालात, नुसता गुन्ह्याचा कायदा असणे म्हणजे छळ नव्हे, त्याखाली प्रत्यक्ष तुरुंगवास होत असला पाहिजे, असेही म्हटले. टूननच्या निकालाशेजारी हे ठेवून पाहावे. तेथे न वापरलेला कायदाही हक्कभंग होता. येथे तो छळाच्या उंबरठ्यावर अडला. हक्कभंग आणि छळ यांत कायदा अंतर ठेवतो हे मला समजते. तरीपण ज्याच्या डोक्यावर तो कायदा टांगलेला आहे, त्याला हे अंतर कसे दिसत असेल?

‘लपा’ म्हणता येईनासे झाल्यावर अधिकाऱ्यांची भाषा बदलली. ‘तुम्ही तसे आहातच कशावरून?’ असे ते विचारू लागले. जेनी मिलबँक या अभ्यासिकेने २००९ सालीच ऑस्ट्रेलिया व इंग्लंडमधील निर्णय तपासून हे वळण दाखवून दिले होते. ज्याने जन्मभर पुरावा राहू नये म्हणून धडपड केली, त्याच्याकडे आता पुरावा मागायचा! यातून जे प्रकार घडले ते मासिकात लिहायला संकोच वाटतो. २ डिसेंबर २०१४ च्या निकालाने युरोपीय न्यायालयाला स्पष्ट सांगावे लागले की शय्यागृहातील तपशील विचारू नका, शारीरिक ‘चाचण्या’ करू नका, चित्रफिती स्वीकारू नका. २५ जानेवारी २०१८ रोजी हंगेरीतील एका नायजेरियन अर्जदाराच्या खटल्यात मानसशास्त्रीय चाचण्यांवरून कल ठरवण्यासही मनाई झाली. त्या चाचण्यांत शाईचे डाग पाहून काय दिसते ते सांगायचे होते आणि पावसात उभा असलेला माणूस काढून दाखवायचा होता. आमच्या मानसशास्त्राच्या मैत्रिणींनी यावर अवश्य लिहावे.

न्यायालयांखेरीज दोन दस्तऐवजांचा उल्लेख केला पाहिजे. नोव्हेंबर २००६ मध्ये इंडोनेशियातील योग्यकर्ता येथे जमलेल्या कायदेपंडितांनी २९ तत्त्वे तयार केली. त्यांतले २३ वे आश्रयाविषयी आहे. ऑक्टोबर २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तांनी या विषयावर नवव्या क्रमांकाची मार्गदर्शक सूत्रे काढली. दोन्ही बंधनकारक नाहीत. पण आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या ‘नालसा’ निकालात तृतीयपंथीयांचे हक्क मान्य करताना योग्यकर्ता तत्त्वांचा आधार घेतला, हे पाहता कागद बंधनकारक नाही म्हणून निरुपयोगी आहे असे म्हणता येत नाही.

भारताचे काय? १९५१ च्या करारावर भारताची सही नाही आणि निर्वासितांसाठी आपल्याकडे स्वतंत्र कायदाही नाही. ३७७ वे कलम ६ सप्टेंबर २०१८ रोजी सज्ञान व्यक्तींच्या परस्परसंमतीपुरते सर्वोच्च न्यायालयाने दूर केले, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर ते कलमच नाही. बांगलादेश व पाकिस्तानात ते अजून आहे. जगात आजही साठांहून अधिक देशांत समलिंगी संबंध गुन्हा आहेत, आणि युगांडाने २०२३ साली काही प्रकारांना फाशीसुद्धा ठेवली. जून २०१६ मध्ये मानवी हक्क परिषदेत या लोकांवरील हिंसा व भेदभाव यांच्या चौकशीसाठी स्वतंत्र तज्ज्ञ नेमण्याचा ठराव २३ विरुद्ध १८ मतांनी संमत झाला, तेव्हा सहा देश तटस्थ राहिले. भारत त्यांपैकी एक होता. त्या वेळी आपलेच ३७७ वे कलम जिवंत होते, हे एक कारण समजता येते. आज ते कारण उरलेले नाही.

समजा, ढाक्यातील तसेच दोघे ऑस्ट्रेलियाऐवजी आपल्याकडे आले. दिल्लीतील उच्चायुक्तांचे कार्यालय फार तर त्यांची नोंद करून ओळखपत्र देईल. आपल्या कायद्याच्या लेखी ते परदेशी नागरिकच राहतील. मात्र ९ जानेवारी १९९६ रोजी अरुणाचल प्रदेशातील चकमांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की घटनेचे २१ वे कलम नागरिक नसलेल्यांच्याही जीविताचे रक्षण करते. त्याच २१ व्या कलमाचा अर्थ २०१८ च्या निकालात असा लावला गेला की लैंगिक कल हा माणसाच्या प्रतिष्ठेचा भाग आहे. हे दोन्ही निकाल शेजारी ठेवून युक्तिवाद करणारा वकील या दोघांना मिळाला, तर त्यांना सीमेपलीकडे पाठवण्याआधी न्यायालयाला थांबावे लागेल असे माझे मत आहे. आमच्या वर्गातील दोघांनी विधी शाखेकडे जायचे ठरवले आहे, त्यांच्याशी माझा यावर वाद चालू आहे. ते म्हणतात की कलम २१ इतके ताणता येणार नाही. चकमांना निदान सरकारने पूर्वी बोलावून वसवले होते.